घरगुती दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न
पिळताना धडधडणारे वॉशिंग मशीन

प्रश्न : आमच्याकडे साडेसहा किलोचे, वरून कपडे टाकण्याचे स्वयंचलित वॉशिंग मशीन सहा वर्षांपासून आहे. गेल्या दोन महिन्यांपासून कपडे पिळताना ते इतके धडधडते की ड्राय बाल्कनीतील जागेवरून चार बोटे पुढे सरकते. चादरी असल्या की हमखास. शिवाय धुताना मधूनमधून खडखड असा वेगळाच आवाज येतो. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने मशीन न उघडताच 'बेअरिंग गेले' असे सांगून नव्या मशीनच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा खर्च सांगितला. त्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण दोन आवाज वेगळे करून सांगितलेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. धुताना, पाणी सोडताना आणि पिळताना मशीनचे निरनिराळे भाग काम करतात. त्यामुळे आवाज कोणत्या टप्प्यावर येतो, यावरून दोष कुठे असावा याचा बराचसा अंदाज बांधता येतो. ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग खराब झाले असेल, तर धडधडीपेक्षा घरघर ऐकू येते, ती वेगाबरोबर चढत जाते आणि ड्रममध्ये एकही कपडा नसला तरी थांबत नाही. म्हणून सर्वांत आधी ड्रम पूर्ण रिकामा ठेवून केवळ पिळण्याचा टप्पा चालवून पाहावा. मशीन शांतपणे फिरले, तर बेअरिंगवरचा संशय बराच कमी होतो. उलट विमानासारखी घरघर कायम राहिली आणि मशीनखाली गंजाचे तांबूस ओघळही दिसले, तर कारागिराचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. ते काम मात्र घरी करू नये, कारण त्यासाठी टब पूर्ण बाहेर काढावा लागतो आणि बेअरिंग ठोकून बसवताना थोडी जरी चूक झाली तरी नवे बेअरिंगही लवकर जाते.

चादरींबरोबरच धडधड वाढते, यावरून मला तोल बिघडल्याचा संशय अधिक येतो. अशा मशीनचा ड्रम पिळताना मिनिटाला साधारण 700 फेरे घेतो. त्या वेगात मध्यापासून 20 सेंटिमीटरवर अर्धा किलो जास्तीचे ओझे एका बाजूला राहिले, तर ते ड्रमला पन्नास किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढते. भिजलेली चादर गोळा होऊन एका अंगाला बसली, की असा अर्धा किलो सहज जमतो. त्यामुळे एकटी जाड चादर कधीही टाकू नये. तिच्या जोडीला दोन-तीन टॉवेल टाकून सर्व कपडे पल्सेटरभोवती, म्हणजे ड्रमच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीभोवती, गोलाकार पसरावेत. पावसाळी रेनकोट आणि ताडपत्रीसारखे कापड तर मशीनमध्ये पिळूच नये, कारण ते पाणी धरून ठेवते आणि मध्येच सोडते, त्यामुळे भरधाव फिरणाऱ्या ड्रमचा तोल अचानक जातो.

यानंतर मशीनची पातळी पाहावी. ड्राय बाल्कनीतील फरशीला मोरीच्या दिशेने उतार दिलेला असतो, हे आपण विसरतो. गवंड्याची पाणसळ मशीनच्या वरच्या पत्र्यावर आधी आडवी आणि मग उभी ठेवावी. बहुतेक मशीनचा पुढचा एक पाय किंवा दोन्ही पाय फिरवून उंची बदलता येते; ती जुळवल्यावर पाय जागेवर धरून ठेवणारा वरचा लॉकनट पान्याने घट्ट करावा, नाहीतर आठवड्याभरात पाय पुन्हा फिरतो. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण पुठ्ठा भिजतो आणि आठ दिवसांत पुन्हा जैसे थे.

पातळी बरोबर असूनही मशीन सरकत असेल, तर सस्पेन्शन रॉड तपासावेत. आपल्या मशीनच्या वयाकडे पाहता मी आधी याच ठिकाणी बोट ठेवीन. बाहेरचा टब पेटीच्या चार कोपऱ्यांतून चार रॉडवर टांगलेला असतो आणि प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला स्प्रिंग व प्लास्टिकची वाटी असते. वाटीतील ग्रीस सुकले किंवा स्प्रिंग सैल पडली, की टब झोके घेतो आणि पेटीवर आदळतो. प्लग काढून, झाकण उघडून, रिकाम्या ड्रमचा काठ दोन्ही हातांनी खाली दाबावा आणि सोडून द्यावा : तो एकदा वर येऊन स्थिरावला तर रॉड ठीक आहेत, तीन-चार वेळा डोलत राहिला तर निकामी झाले आहेत. टब आधीपासूनच एका कोपऱ्याकडे कललेला दिसला, तर त्याच्या अगदी समोरच्या नव्हे, कललेल्या बाजूचाच रॉड आधी पाहावा. रॉड बदलायचे तर चारही एकदम बदलावेत आणि मशीनचा मॉडेल क्रमांक दाखवूनच घ्यावेत, कारण पुढच्या व मागच्या स्प्रिंगांची ताकद काही मशीनमध्ये वेगळी असते. टब उचलून धरायला दुसरा माणूस लागतोच. वाटीत सिलिकॉन ग्रीसच लावावे. खोबरेल तेल किंवा रॉकेल नको.

रॉड चांगले असूनही रिकामे मशीन धडधडत असेल, तर ड्रमच्या वरच्या काठाच्या पोकळ कड्याकडे लक्ष द्यावे. तोल सावरण्यासाठी त्यात बहुधा मिठाचे पाणी भरलेले असते. ते गळले की काठाशी पांढरे डाग दिसतात.

आता धुतानाची खडखड. नाणे, केसांचा आकडा, शर्टाचे बटण अशा वस्तू पल्सेटरखाली जाऊन बसतात. प्लग काढून मधले टोपण व स्क्रू काढावा, पल्सेटरच्या भोकांतून मजबूत दोरी ओवून तो सरळ वर ओढावा. स्क्रू गंजलेला असेल तर घाई करू नये, त्याचे डोके घासले गेले की काम दुपटीने वाढते. खाली काहीच सापडले नाही, तर पल्सेटरच्या मधल्या भोकातील दाते पाहावेत. ते झिजले असतील तर पल्सेटर दांड्यावर घसरतो आणि नेमका असाच आवाज करतो. नवा पल्सेटर घरीही बसवता येतो. मात्र मागचा पत्रा उघडून पट्टा किंवा कपॅसिटर यांना हात लावू नये. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा भार शिल्लक राहू शकतो.

प्रश्न : नवे मशीन चाकांच्या स्टँडवर ठेवल्यापासून खूप हादरते. मशीनच सदोष आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी मशीन स्टँडवरून उतरवून थेट फरशीवर चालवून पाहावे. आवाज थांबला तर दोष स्टँडचा आहे. चाकांऐवजी रुंद रबरी पाय असलेला, वजन पेलणारा स्टँड घ्यावा. थांबला नाही, तर तळाशी वाहतुकीसाठी घातलेला फोम किंवा पुठ्ठा काढायचा राहून गेला आहे का, ते मशीनसोबतच्या पुस्तिकेतील चित्राशी ताडून पाहावे. वॉरंटी चालू असेपर्यंत स्वतः एकही स्क्रू उघडू नये.