भिंत पाडण्याआधी तिच्या डोक्यावर काय आहे ते पाहा

प्रश्न : स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढून आम्हाला एकच मोठी खोली करायची आहे. कंत्राटदार म्हणतात, भिंत साडेचार इंची आहे, एका दिवसात पाडून देतो. तिच्यावर वजन आहे की नाही, हे आम्हाला कसे कळेल?

उत्तर : नुसत्या जाडीवरून निर्णय घेऊ नका. आधी घर कोणत्या पद्धतीचे आहे ते ठरवा. आरसीसी सांगाड्याच्या घरात स्लॅबचे वजन बीमवर (आडव्या तुळईवर), बीमचे कॉलमवर (उभ्या खांबावर) आणि कॉलममधून फुटिंगवाटे, म्हणजे खांबाखालच्या पायावाटे, जमिनीत जाते. मधल्या भिंती बहुधा आडोशापुरत्या असतात. लोड बेअरिंग घरात स्लॅब सरळ भिंतीवरच टेकलेला असतो. तळमजला लोड बेअरिंग आणि नंतर चढवलेला वरचा मजला आरसीसीचा, अशी मिश्र घरेही असतात. त्यांत फसगत सर्वांत जास्त होते.

दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. गिलाव्यासह पाच-साडेपाच इंच भरली तर वीटकाम अर्ध्या विटेचे, दहा इंचांच्या आसपास भरली तर एका विटेचे. एका विटेची भिंत वजन घेणारी आहे असेच धरून चाला. मग भिंत आणि छत मिळतात तिथला तळहाताएवढा गिलावा काढा. वीट संपून बीमचे काँक्रीट लागले आणि तो बीम दोन्ही टोकांना कॉलमवर टेकलेला असेल, तर भिंत बहुधा आडोशाची. बीम न दिसता विटेवर थेट स्लॅब बसलेला असेल तर काम थांबवा. वरच्या मजल्यावर याच रेषेत दुसरी भिंत आहे का, तेही पाहा. तीन मीटर उंचीची साडेचार इंची भिंत गिलाव्यासह दर मीटर लांबीला सुमारे ८०० किलो भरते. तिच्याखाली बीम नसेल, तर ते ओझे तुमची खालची भिंत पेलत असू शकते.

आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा. दोन्ही बाजूंच्या खोल्या तीन-तीन मीटर रुंद आणि स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर मधली भिंत दर मीटर लांबीला तीन चौरस मीटर स्लॅब उचलते. त्याचे नुसते वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास होते. फरशी, माणसे आणि सामान धरले तर पावणेदोन टनांवर जाते. चार मीटरची भिंत काढली की सात टनांना दुसरा आधार द्यावा लागतो.

असा आधार देता येतो, पण त्याचे डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनीयरनेच करायला हवे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबखाली जॅक लावतात. खाली आणखी मजला असेल तर तिथेही त्याच रेषेत जॅक लागतात, नाहीतर सगळे ओझे खालच्या स्लॅबच्या मध्यावर येते. मग लोखंडी गर्डर चढवतात. गर्डरची टोके विटेवर तशीच टेकवू नयेत, खाली काँक्रीटचा ठोकळा हवा. नाहीतर तिथली वीट चिरडते. गर्डर आणि स्लॅब यांमधली फट न आकसणाऱ्या ग्राऊटने (फटीत भरायच्या पातळ सिमेंट मिश्रणाने) भरून ते पक्के झाल्यावरच जॅक उतरवायचे. घाई इथेच होते, आणि स्लॅबला तडे जातात तेही इथेच.

भिंत आडोशाची निघाली तरी वरून खाली, थराथराने उतरवा. बुडाशी घण घालून आडवी पाडली तर एवढे वजन एकदम खालच्या स्लॅबवर आदळते. राबिटाचा ढीगही खोलीच्या मध्यभागी साठू देऊ नका.

प्रश्न : चिमणीचा पाइप बाहेर काढण्यासाठी बीमला भोक पाडले तर चालेल का?

उत्तर : शक्यतो नकोच, पाइप बीमच्या खालून वळवा. खोलीच्या मध्यावर बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात आणि टोकांना, कॉलमजवळ, सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा दाट असतात. या दोन्ही जागा वर्ज्य. कॉलमला तर वायरिंगची झिरीसुद्धा मारू नये.

प्रश्न : कॉलम आणि भिंत यांच्या सांध्यावर उभी बारीक भेग आहे. बाल्कनीच्या खालच्या बाजूने गिलावा फुगून गंजाचे डाग उमटले आहेत. आधी काय दुरुस्त करावे?

उत्तर : बाल्कनी, आणि लवकर. सांध्यावरची भेग बहुतेक वेळा वीट आणि काँक्रीट वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावल्याने पडते. गिलावा काढून सांध्याच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मिलिमीटर जाईल अशी जाळीची पट्टी ठोका आणि वर नवा गिलावा करा.

बाल्कनीत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचे काँक्रीट आतून फुटते. त्यावर नुसता गिलावा थापला तर गंज आत चालूच राहतो. आधी पाणी थांबवा : फरशीचा उतार, पाणी वाहून जाण्याचे तुंबलेले तोंड, उघडे सांधे. मग खालून टेकू देऊन सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढतात, सळई घासून गंजरोधक लेप देतात आणि पॉलिमर मॉर्टर भरतात. सळई झिजलेली दिसली तर नवी जोडावी लागते. किती आणि कुठे, ते इंजिनीयर सांगतील.

एक गोष्ट आजच तपासा. एका बाजूने धरलेल्या बाल्कनीच्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या बाजूला असतात. काँक्रीट ओतताना माणसे त्यांवरून चालली की त्या दबून खाली जातात आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. बाल्कनीच्या फरशीवर, घराच्या भिंतीला समांतर आणि तिच्या अगदी जवळ लांब भेग दिसली, तर कुंड्या आणि टाक्या ताबडतोब हलवा, दार बंद ठेवा आणि इंजिनीयर पाहून जाईपर्यंत बाल्कनीवर आणि तिच्याखाली कोणालाही उभे राहू देऊ नका.