शक्तिमान उभा राहिला, पण फॉर्म २१ कुठे आहे?

शिरपूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पाच पानी पत्र आलंय. थोडक्यात असं: मे २०२१ मध्ये त्यांनी धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडून लष्करातून निघालेला शक्तिमान ट्रक १ लाख ८५ हजारांना घेतला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिखापढी झाली. खळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली चार वर्षं खपून त्यांनी तो उभा केला. मूळ इंजिनचा ब्लॉक तडकला होता, म्हणून लेलँडचं इंजिन बसवलं. रंग ऑलिव्ह ग्रीन, बंपरवर बाणाचा जुना लष्करी नंबर. आता आरटीओत नोंद करून यंदा सारंगखेड्याच्या यात्रेला तो चालवत न्यायचाय. एजंट म्हणतो, "व्हिंटेजमध्ये टाकू."

भाऊसाहेब, तुमच्या पाच पानांत ब्रेकवर दीड पान आहे आणि कागदांवर तीन ओळी. लष्करातून निघालेली कुणाची जोंगा असते, कुणाची जीप, कुणाचा वन टन. गाडी बदलते, पत्र हेच असतं. नोंदणी आणि विम्याशिवाय रस्त्यावर गाडी काढायची नसते, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायला नको.

तुमचं सगळं फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर अडलंय. ट्रक लष्कराकडे होता तोवर त्याची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली होती, आरटीओचा संबंध नव्हता. त्याच कलमाचं पोटकलम ३ म्हणतं की गाडी केंद्र सरकारच्या मालकीतून किंवा ताब्यातून गेली की तिला कलम ३९ आणि ४० लागू, म्हणजे आरटीओत नोंदणी हवीच. मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४७ येतो. माजी लष्करी गाडीसाठी त्याला संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१ मधलं. भंगारवाल्याची पावती चालत नाही, स्टॅम्प पेपर तर नाहीच. अर्जाची मुदत ताबा घेतल्यापासून सात दिवसांची, आणि तुम्ही विचारताय इंजिन बदलून, रंग वाळल्यावर. उशीर झाला तर दंड भरून निभावून नेता येईल. कागदच नसेल तर दंड तरी कशाचा भरणार?

असा फॉर्म निघाला होता का, हे लष्कराच्या लिलावाच्या कागदातली एक ओळ ठरवेल: लॉट वाहन म्हणून विकला होता की भंगार म्हणून. भंगार असेल, तर फॉर्म २१ नसणारच आणि नोंदणीचा विषय माझ्या मते तिथेच मिटतो. अशा वेळी एजंट "दुसऱ्या गाडीचं आरसी बुक लावून देतो" म्हणतात. त्याला हो म्हणालात तर पुढचं पत्र तुम्ही मला नाही, फौजदारी वकिलाला लिहाल. वाहन म्हणून विकला असेल, तर फॉर्म बहुधा लिलाव घेणाऱ्याच्या नावावर असेल. म्हणजे आधी त्याच्या नावे नोंद, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावे. आरटीओ वाटेत काय हरकत काढेल, हे आज लिहून देत नाही.

आता तुमची नशिबाची बाजू. स्टॅम्प पेपरवर लिहिलंय, "वाहनाचे सर्व कागद मागणी करताच देईन." तारीख नाही. करारात तारीख नसेल, तर करार पाळायला लावण्याच्या दाव्याची तीन वर्षं मुदत कायद्याचा अनुच्छेद ५४ मोजतो ती नकार कळल्यापासून. तुम्ही मागत राहिलात आणि भंगारवाला म्हणत राहिला, "नंतर दिसू, काय घाई शे." (नंतर देईन, घाई काय आहे.) तुम्ही यावर चिडलात, पण हा नकार नव्हे, टोलवाटोलवी आहे, आणि तिनेच तुमचा दावा जिवंत ठेवलाय. खरा नकार गेल्या दिवाळीतला, व्हॉट्सॲपवरचा: "कागद नही, तुले जे करनं ते कर." घड्याळ तिथून सुरू झालं, असं मी मांडेन. न्यायालयाने हा निव्वळ नुकसानभरपाईचा दावा मानला, तर समोरचा वकील वेगळं गणित मांडेल, हेही ध्यानात असू द्या. तो मेसेज पुसू नका, मोबाइल बदलू नका. दाव्यात तो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

या आठवड्यात स्पीड पोस्टाने भंगारवाल्याला नोटीस पाठवा: लिलावाची कागदपत्रं आणि फॉर्म २१ पंधरा दिवसांत द्या, नाहीतर पैसे परत. सोबत, ज्या डेपोतून ट्रक निघाला तिथे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. चेसिस नंबर देऊन विचारा की लॉटचं वर्णन काय होतं आणि फॉर्म २१ दिला होता का. उत्तराची मुदत तीस दिवस. दिवाणी दावा शेवटी ठेवू. आपल्याकडचा वेग पाहता निकाल लागेपर्यंत तुमचे टायर पुन्हा कुजलेले असतील.

व्हिंटेजचं विसरा. २०२१ चे ते नियम दुचाकी आणि एम-१ गटातल्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे चालक सोडून आठपर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्या. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही, मग तो पन्नास वर्षांचा असो की शंभर. शिवाय इंजिन बदललंय, तेही आड येईल. त्या इंजिनचं बिल आहे ना? गाडीतल्या बदलांबाबतच्या कलम ५२ खाली ते विचारलं जाईल. आणि चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरवला नसेल, अशी आशा करतो.

रंगाचं मात्र स्पष्ट आहे. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुम्ही मेहनतीने तीन हात मारलेत, वाईट वाटतं, पण खरवडा. बाणाचा नंबर आजच काढा.

शेतातल्या शेतात फिरवू का, असंही विचारलंय. कलम ३९ मध्ये "सार्वजनिक ठिकाणी" याच्यापुढे "किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी" असे शब्द आहेत. बांधाच्या आत कुणी पकडायला येणार नाही बहुधा, पण ट्रकखाली सालदार सापडला तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, तुमची जमीन देईल. यात्रेला न्यायचाच असेल, तर रंग बदलून ट्रेलरवर चढवून न्या आणि तिथे उभा ठेवा.

गेट पासची झेरॉक्स तुमच्याकडे आहे म्हणालात. तिची मागची बाजूही पाठवा, डेपोचा शिक्का किंवा लॉट नंबर तिथे असू शकतो.