मॅन पेज वाचायचं कुठून?

अरे, लिनक्सच्या टर्मिनलवर कमांडपुढे 'डॅश एच' (-h) मारलं आणि मदत आलीच नाही म्हणून वैतागू नकोस, सगळ्यांचंच होतं. त्या अक्षराचा अर्थ प्रत्येक कमांड आपापला लावते. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसला (ls) वाटतं फाइलचा आकार सोप्या एककात हवाय, मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला (grep) वाटतं फाइलचं नाव गाळायचंय, आणि शटडाऊन तर चक्क मशीन बंद करायला घेतं! अनोळखी कमांडला आधी दोन डॅशवालं पूर्ण 'हेल्प' (--help) देत जा.

ती मदत पानभर वाहून गेली, पानापानाने दाखवणाऱ्या लेसमध्ये (less) पाइप केली, म्हणजे '|' लावून तिकडे वळवली, तरी वरूनच निसटली, तर ती नेहमीच्या आउटपुटऐवजी चुकांसाठीच्या वेगळ्या एरर आउटपुटवर येतेय. पाइपच्या आधी '2>&1' जोड, म्हणजे दोन्ही एकत्र जातील.

मॅन पेज, म्हणजे 'मॅन' (man) आणि कमांडचं नाव टाकलं की उघडणारी तिची माहितीपुस्तिका, मात्र वरून खाली वाचायचं नसतं. मी हौसेने बॅशचं (bash, आपल्या कमांडी चालवणारा शेल) घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी सोडलं. स्लॅश दाबून शब्द टाक, एंटर, मग एन दाबत पुढे. बाहेर पडायला क्यू. समजा 'डॅश आर' (-r) हा ऑप्शन शोधतोयस, तर आधी दोन-तीन स्पेस दे. ऑप्शनची ओळ डावीकडे जागा सोडून सुरू होते, त्यामुळे थेट तिथे पोचतोस. नाहीतर मजकुरातले सगळे उल्लेख चाळत बसायचं. उदाहरणं असलीच तर बहुधा शेवटाकडे. तिथे जायला कॅपिटल जी दाब.

ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनटॅबने (crontab) मलाही रडवलंय. वेळेचे ते पाच रकाने साध्या मॅनमध्ये सापडत नाहीत, 'man 5 crontab' म्हणावं लागतं, म्हणजे पुस्तिकेचा पाचवा विभाग. आणि फोल्डर बदलणारी सीडी (cd) बॅशच्या पोटातच असते, तिच्यासाठी 'हेल्प सीडी' (help cd).