चिचुंद्रीचा जबडा : लाल दातांवर विसंबू नका

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहात युरोपातल्या गुहेतले चिचुंद्रीचे जीवाश्म जबडे आहेत. चिचुंद्रीच्या दोन वंशांपैकी दातांची टोकं लाल म्हणजे सोरेक्स, पांढरी म्हणजे क्रोसिड्युरा, एवढं पुरे का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. तो लाल रंग इनॅमलमधल्या, म्हणजे दाताच्या कठीण आवरणातल्या, लोहाचा. जमिनीत तो फिका पडतो, आणि मातीतल्या लोह-मँगनीजने पांढरे दातही डागळतात. असा डाग भेगांत, हाडावरही उतरलेला दिसतो. मूळ रंग टोकांपुरताच असतो.

भरवशाचा आहे तो खालच्या जबड्याचा सांधा. तो मागून पाहा. सोरेक्समध्ये सांध्याचे दोन पृष्ठभाग स्पष्ट वेगळे असतात, क्रोसिड्युरात रुंद पट्टीने जोडलेले. वरचा जबडा शाबूत असेल तर पुढच्या मोठ्या दातामागचे एकटोकी छोटे दात मोजा. प्रत्येक बाजूला सोरेक्सला 5, क्रोसिड्युराला 3, आपल्या घरात फिरणाऱ्या चिचुंद्रीला, म्हणजे सनकसला, 4. सोरेक्सचा पाचवा आणि सनकसचा चौथा इतका बारीक असतो की नजरेतून सुटतोच. दात गळाला असेल तर त्याची खोबण मोजा.

वंशातली नेमकी प्रजात ठरवायला मात्र मापं हवीत. कोरोनॉइड फाट्याची, म्हणजे खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून वर उठलेल्या हाडाची, उंची सूक्ष्मदर्शकाखाली किमान 0.1 मिमीपर्यंत घ्या. जवळच्या प्रजातींची मापं एकमेकांत मिसळतात, म्हणून एकाच जबड्यावरून नाव देऊ नका. झिजलेल्या दातांची उंची तर मोजूच नका.