धरणाच्या खाली गरी टाकताना पाणी अचानक चढले तर काय करावे? लाइफ जॅकेट कोणते घ्यावे?

तुम्ही लिहिले आहे की पवनीच्या खाली वैनगंगेवर चौघे मित्र सुटीच्या दिवशी मासे धरायला गरी टाकून बसता, आभाळ कोरडे असताना पाणी चढले आणि सामान टाकून पळावे लागले. कोकणातल्या कुठल्या व्हिडिओत "बसण्याआधी वीस मिनिटे लाटा बघा" असे सांगतात, ते इथे चालेल का, हाही प्रश्न आहे. आणि खाली एक वाक्य जोडले आहे, "तसे आम्हा चौघांनाही पोहता येते." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितो आहे. जॅकेटचे शेवटी बघू.

वीस मिनिटांचा नियम समुद्रावर बरोबर आहे. तिथे मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांच्या मध्ये बराच वेळ शांत जातो, म्हणून थोडा वेळ बघूनच लाट कुठवर चढते ते कळते. खडक जिथवर ओला दिसतो त्याच्याही वर, कोरड्या जागी बसायचे. शिवाय समुद्रासाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते. नदीवर हा हिशोब लागू होत नाही. समुद्राची लाट येते आणि परत जाते, धरणाचा लोंढा आला की तासन्‌तास, कधी दिवस दिवस तिथेच राहतो. तुम्ही वीस मिनिटे डोळ्यांत तेल घालून नदी बघाल, पण जे पाणी यायचे आहे ते तेव्हा दहा किलोमीटर वर, दरवाजातून नुकते निघालेले असते.

तुमच्या वर वैनगंगेवर जे गोसीखुर्द धरण आहे त्याला ३३ दरवाजे आहेत. बातमीत येते की इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, इतका क्युमेक विसर्ग, म्हणजे सोडलेले पाणी. दरवाजांची संख्या सोडा, विसर्ग वाचा, आणि काल किती होता आणि आज किती तो फरक बघा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर, आणि एका क्युमेकमध्ये ३५.३ क्युसेक बसतात. व्हॉट्सॲपवर हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होऊन फिरतात. क्युमेकला क्युसेक समजलात तर पाणी पस्तीस पट कमी धरून बसाल.

लोंढ्याचे तोंड साधारण ताशी चार ते सात किलोमीटरने सरकते. नदी आधीच भरलेली असेल तर वेगाने. उन्हाळ्यासारखी आटलेली असेल तर हळू, कारण पहिले पाणी डोह भरण्यात आणि रेतीत मुरण्यात जाते. म्हणजे धरणापासून दहा किलोमीटर खाली बसलात तर दरवाजा उघडल्यावर दीड ते अडीच तासांनी पाणी तुमच्यापाशी येईल. पाणी सोडताना धरणावर वाजणारा भोंगा तिथवर ऐकू येईलच असे नाही, वारा उलटा असेल तर अजिबात नाही. आणि तुमच्या डोक्यावर पाऊस पडलाच पाहिजे असेही नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून येते, पेंचचे पाणी कन्हानमधून तिला मिळते. तिकडे पडलेला पाऊस आणि तिकडच्या धरणांतून सोडलेले पाणी इकडे उन्हात येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले तेव्हाही मोठा भाग वरूनच आला होता.

आता पोहण्याचे. आमच्या घरात हा वाद जुना आहे, माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांशी. भाऊजींची हयात नदीवर गेली, वाम आणि मरळ त्यांच्याइतकी कोणी काढत नाही, हे मी कोणासमोरही कबूल करीन. पण त्यांचे म्हणणे असे, "पाणी का वाघ हाये का झडप घालाले? डोयासमोर चढते. चढलं का उठाचं." ऐकायला बिनतोड आहे. चूक "डोळ्यासमोर" या शब्दात आहे.

सप्टेंबरात पूर उतरला की नदीत रेतीची बेटे उघडी पडतात. मुख्य धार एका बाजूला, मध्ये बेट, आणि बेट व काठ यांच्यामध्ये एक उथळ धार. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत बेटावर जायचे, धारेकडे तोंड करून बसायचे, गावकडच्या काठाकडे पाठ. सगळे असेच बसतात. भाऊजी आणि त्यांच्या शेजारचा पोट्टा असेच बसले होते. बेटाची धारेकडची कड उभी होती, म्हणून पाणी वीतभर चढले तरी समोर पाण्याची रेघ जेमतेम दोन बोटे सरकलेली दिसली. मागच्या धारेत मात्र तेच वीतभर पाणी घोट्यावरून थेट पोटरीवर गेले. त्यात बेटाच्या वरच्या टोकाशी रेतीचा उंबरठा होता, तो बुडाला आणि मुख्य धारेचा एक फाटाच मागे वळला. आधी जवळजवळ साचलेले पाणी धावायला लागले. गरीला चांगला रोहू होता, तो खेळवण्यात आणखी दहा मिनिटे गेली. मागे वळून बघितले तेव्हा पाणी मांडीला होते. भाऊजी जड माणूस, काठी टेकत निघाले. पोट्टा दुसऱ्या पावलाला आडवा झाला. काठावरून दोर टाकून त्याला ओढला. भाऊजी आजही म्हणतात की दोराची गरज नव्हती, पोट्टा पुढे वळणावर आपोआप काठाला लागला असता. पुढच्या वळणावर आडव्या पडलेल्या बाभळी आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

यात पोहण्याचा संबंध कुठे आला? मांडीभर पाण्यात कोणी पोहत नाही, चालतो, आणि तिथेच पडतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. सोपे मोजमाप असे, खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंद, दोन्हींचा गुणाकार अर्ध्याच्या वर गेला की धडधाकट माणसाचेही पाय टिकत नाहीत. अर्धा मीटर, म्हणजे गुडघाभर पाणी आणि सेकंदाला एक मीटर वेग, ही हद्द झाली. वेग मोजायला काठावर दहा पावले मोजा, ते सुमारे सात मीटर होतात, आणि त्यांच्या वरच्या टोकाला पाण्यात कोरडी काडी टाका. काडी सात सेकंदांच्या आत गेली तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. पोट्टे हलके असतात, त्यांच्यासाठी हद्द याहून बरीच अलीकडे.

म्हणून खूण मागच्या धारेत लावा. तुराटीची सरळ काडी घ्या, चाकूने दोन-दोन बोटांवर खाचा पाडा, बेटावर जाताना मागच्या धारेच्या कडेला रोवा, आणि फोनवर दहा मिनिटांचा गजर लावा. दहा मिनिटांत एक खाच बुडाली की उठायचे. गरीला काय लागले आहे ते बघायचे नाही, दोर कापायचा. दुसऱ्यांदा मोजून खात्री करायची नाही. खात्री होईपर्यंत मागची वाट जाते.

काडीच्या आधीही पाणी चार गोष्टी सांगते. काठावरची वाळलेली पाने, गवताच्या काड्या आणि फेस यांचे पुंजके वाहत येतात, कारण वर चढणारे पाणी कोरडा काठ धुऊन काढत असते. पाणी गढूळ होते. बूच नेहमीच्या जागी थांबत नाही, आणि एका जागी बसणारे शिसे तळाशी घरंगळायला लागते. दोन दगडांमधली खळखळ अचानक बंद झाली तरी उठा. दगड बुडाले म्हणून आवाज थांबला.

बेटावर बसूच नका असे मी म्हणत नाही, पण पावसाळ्यात आणि दरवाजे चालू असताना नाहीच. बाकी वेळी काठावरची अशी जागा बघा जिथून पाठीमागे सरळ चढ आहे. उभी दरड आणि खाली चिंचोळी पट्टी ही जागा मासोळीसाठी कितीही चांगली असो, तिथे पाणी आले तर वर चढायला हाताला माती लागते आणि ती ओली असते. दरवाजांच्या लगेच खाली, जिथे जुलैत चढणीची मासोळी गोळा होते, तिथे तर बसणारा माणूस शहाणा नाही. तिथले पाणी वरून पडून उलटे फिरते, त्यात लाकडाचा ओंडकाही तासभर गरगरतो. कोल्हापुरी बंधाऱ्याखालीही तेच. शिवाय पावसाळ्याआधी त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात तेव्हा अडलेले पाणी एकदम सुटते, आणि त्याची बातमी कोणी छापत नाही.

दोराबद्दल. कमरेला दोर बांधून दुसरे टोक झाडाला बांधणारे लोक मी बघितले आहेत. हा मरायचा उपाय आहे. दोर ताणला की धार माणसाला तिथेच धरून पाण्याखाली दाबते, आणि ओली गाठ सुटत नाही. दोर फेकायचा असतो. तरंगणारा प्लॅस्टिकचा दोर, पंधरा ते वीस मीटर, त्याच्या टोकाला पाच लिटरची रिकामी कॅन आणि फेकायला वजन यावे म्हणून तिच्यात ग्लासभर पाणी. झाकण घट्ट लावा. काठावरचा माणूस वाहणाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहतो, कॅन त्याच्या पलीकडे जाईल अशी फेकतो आणि लगेच खाली बसून टाचा रोवतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही. वाहणाऱ्याने दोर खांद्यावरून घेऊन छातीशी धरायचा, पाठीवर झोपायचे. तो आपोआप झोका घेऊन काठाला लागतो. म्हणजे चौघांतला एक जण नेहमी काठावर राहिला पाहिजे. चौघेही बेटावर असाल तर दोराचा उपयोग सामान बांधण्यापुरता.

दोर नसेल तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला, बोटे पाण्याच्या वर, आणि तिरके हात मारत काठाकडे. पाणी कमरेखाली आले वाटले तरी उभे राहू नका, दगडात पाय अडकला की धार पुढे पाडते. आडवे झाड समोर आले तर पालथे होऊन जोरात पोहा आणि त्याच्यावर चढा, खालून जायचा प्रयत्न नको. रपट्याच्या, म्हणजे ठेंगण्या पुलाच्या, नळ्यांपासून लांब राहा.

गमबूट घालू नका. लोक म्हणतात बूट भरला की माणूस बुडतो. तसे नाही, बुटातल्या पाण्याला पाण्यात वजन नसते. पण काठ चढताना भरलेला पाय उचलत नाही. मागे पट्टा असलेली सँडल बरी.

धरणाच्या वरच्या बाजूला, फुगवट्यावर बसत असाल तर तिथे लोंढा नाही, वावधन, म्हणजे सोसाट्याचा वारा आहे. लांब मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की दगडी पिचिंगवर लाटा चांगल्या वर चढतात, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला की परत वर येता येत नाही. गडगडाट ऐकू आला की कार्बनची काठी खाली ठेवा, तिच्यातून वीज जाते. दामिनी ॲप फोनवर असू द्या.

जॅकेट. हवा भरायचे घेऊ नका, बाभळीचे काटे आणि गऱ्या यांत ते टिकत नाही. फोमचे घ्या, आतल्या लेबलवर न्यूटन, म्हणजे तरंगत ठेवण्याची ताकद, लिहिलेली हवी. ५० न्यूटनचे पोहणाऱ्याला नुसता आधार देते, मी कॉलरवाले १०० न्यूटनचे घेईन. दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा असला पाहिजे. घालून बघताना मित्राला खांद्यांवरचे पट्टे वर ओढायला सांगा, जॅकेट कानांपर्यंत आले तर ते तुमच्या मापाचे नाही. गाडीच्या डिकीत ठेवलेले जॅकेट मोजत नाही, घातलेलेच मोजतात.

वेळेचे आकडे पवनीखालच्या रुंद, रेताड पात्राचे आहेत. वर्धा किंवा पैनगंगेच्या खडकाळ, अरुंद भागात तेच पाणी जास्त चढते आणि लवकर येते, तिथे गजर पाच मिनिटांचा लावा. आणि मच्छीमार संस्थेच्या ठेक्यातल्या पाण्यात बसत असाल तर आधी संस्थेच्या माणसाला विचारा. परवानगीचा प्रश्न वेगळा, पण पाणी कधी सुटणार ते त्यांना बहुधा बातमीच्या आधी कळलेले असते.