लिनक्स शंका-समाधान : अर्धवट अपडेट, भरलेली डिस्क आणि 'दऱ्या'चा झालेला 'दर्या'

या वेळची पत्रं लिनक्स मिंट आणि उबुंटू वापरणाऱ्यांची आहेत. त्यातले काही जण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर इकडे आलेले आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि, वेगळं सांगितलं नसेल तर, छोट्या अक्षरांत टाइप करा. मधल्या मोकळ्या जागा आणि डॅश मात्र जसेच्या तसे ठेवा.

प्रश्न : मिंट २२ अपडेट होत असतानाच वीज गेली. आता काहीही इन्स्टॉल करायला गेलं की 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा संदेश येतो. एका मित्राने लॉक फाइल डिलीट करायला सांगितली आहे. करू का?
– वाचक, चिपळूण

करू नका. उपाय त्या संदेशातच पुढे लिहिलेला असतो : 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. आधी तेवढंच चालवा.

कोणतंही पॅकेज दोन टप्प्यांत बसतं. आधी त्यातल्या फाइली उलगडून जागेवर ठेवल्या जातात आणि नंतर ते कॉन्फिगर होतं. कोणतं पॅकेज कुठल्या टप्प्यावर आहे, याची नोंद डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, स्वतःकडे ठेवत असतो. वीज जाते तेव्हा काही पॅकेजं नुसती उलगडलेली राहतात, एखादं अर्धवट कॉन्फिगर झालेलं असतं. वरची कमांड ती नोंद वाचून राहिलेलं काम पुरं करते. मध्येच एखाद्या सेटिंग फाइलीबद्दल 'तुमची ठेवू की नवी घालू' असं विचारलं आणि ती फाइल तुम्ही मुद्दाम बदलल्याचं आठवत नसेल, तरी 'एन' दाबून असलेली ठेवणं सुरक्षित.

त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा. एखाद्या पॅकेजच्या नावापुढे 'व्हेरी बॅड इनकन्सिस्टंट स्टेट' असं आलं, तर त्याच्या फाइलीच अपुऱ्या उतरल्या आहेत. ते पॅकेज 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि पुढे त्याचं नाव, असं पुन्हा बसवा.

आता लॉक फाइलीबद्दल, कारण हा सल्ला फार पसरलेला आहे आणि घातक आहे. '/वार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड' ही फाइल तिथे कायमच असते. ती असणं म्हणजे कुलूप लागलेलं असणं नव्हे. कुलूप चालू प्रोग्रामच्या नावावर कर्नल (लिनक्सचा गाभा) लावतो आणि तो प्रोग्राम संपताच, किंवा संगणक रीस्टार्ट होताच, ते आपोआप निघतं. म्हणून 'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश आला, तर त्या क्षणी दुसरं कोणीतरी खरोखर काम करत असतं. उबुंटूत बहुधा संगणक सुरू झाल्यावर आपोआप चालणारं सुरक्षा अपडेट असतं. 'सुडो एफयूझर -व्ही' आणि पुढे त्या फाइलीचा पत्ता दिला की कोण ते कळतं. ते संपेपर्यंत थांबा. फाइल डिलीट केलीत, तर दोन प्रोग्राम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला लागतात, आणि ती नोंदवही बिघडली की निस्तरणं सोपं नाही.

वीज नेमकी नवा कर्नल बसत असताना गेली असेल, तर मिंट कदाचित सुरूच होणार नाही. 'कर्नल पॅनिक' आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असे शब्द पडद्यावर दिसतील. घाबरू नका, जुना कर्नल डिस्कवर असतोच. संगणक सुरू करताना नव्या, यूईएफआय मशीनवर एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी आली की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा. आत गेल्यावर वरची डीपीकेजीची कमांड, मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'.

आणखी एक. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे पुष्कळदा यूपीएस आणि नॉर्मल (किंवा इको) असा खटका असतो. डेस्कटॉप त्यावर चालत असेल तर खटका यूपीएसवर हवा. नॉर्मलवर पंखे-दिवे चालू राहतात, पण वीज बदलायला लागणारा वेळ संगणकाला परवडत नाही.

प्रश्न : पासवर्ड बरोबर टाकला तरी पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच येतं. चुकीचा टाकला तर 'चुकीचा' असं सांगतं. मिंटसाठी ३० जीबीचं पार्टिशन केलं होतं.
– वाचक, अकोला

या लक्षणाचं पहिलं संशयित कारण म्हणजे भरलेली डिस्क. लॉगिन होताना डेस्कटॉपला तुमच्या होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागा शून्य असेल तर लिहिता येत नाहीत आणि तो तुम्हाला बाहेर टाकतो.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरी लॉगिन येईल, तिथे नाव आणि पासवर्ड देऊन आत जा. 'डीएफ -एच' चालवा आणि ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे तिथली टक्केवारी पाहा. १०० टक्के असेल तर निदान पक्कं.

३० जीबीच्या मिंटमध्ये जागा खाणारा बहुतेक वेळा टाइमशिफ्ट असतो. त्याचे स्नॅपशॉट, म्हणजे मिंटच्या त्या त्या वेळच्या प्रती, त्याच पार्टिशनवर साठत राहतात. 'सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट' ने यादी पाहा आणि 'सुडो टाइमशिफ्ट --डिलीट --स्नॅपशॉट' यापुढे अवतरणचिन्हात जुन्यातल्या जुन्या स्नॅपशॉटचं यादीतलं नाव लिहून तो काढा. एक काढून फारशी जागा सुटली नाही तर नवल वाटू देऊ नका. न बदललेल्या फाइली सगळ्या स्नॅपशॉटमध्ये सामाईक असतात, त्यामुळे त्या फाइलीचा शेवटचा धनी गेल्यावरच जागा मोकळी होते. दोन-तीन काढा, शेवटचा एक ठेवा. जोडीला 'सुडो ॲप्ट क्लीन' आणि 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' चालवा (इथले अंक इंग्रजीत आणि शेवटचा एम मोठा). मग कंट्रोल, ऑल्ट, एफ७ दाबून परत या.

पुढे टाइमशिफ्टला बाहेरची डिस्क द्या. ती ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली हवी. बाजारातून आणलेली एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्क त्याला चालत नाही, कारण लिनक्सच्या परवानग्या आणि मालकी तिथे जपता येत नाहीत.

डिस्कवर भरपूर जागा असूनही लॉगिन फिरत असेल, तर होम फोल्डरमधल्या '.एक्सऑथॉरिटी' (यातला एक्स मोठा) फाइलीची मालकी 'एलएस -एलए' ने तपासा. तिथे तुमच्या नावाऐवजी 'रूट' दिसलं, तर 'सुडो' लावून एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवल्याचा तो परिणाम आहे. ती फाइल 'सुडो आरएम' ने काढून टाका. पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट आहे. विंडोजमधून मिंटमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास पुढे, आणि परत गेलं की साडेपाच तास मागे. शिवाय विंडोजचा डी ड्राइव्ह मिंटमध्ये कधी फक्त वाचता येतो, कधी उघडतच नाही.
– वाचक, नाशिक

दोन्ही त्रास विंडोज आणि लिनक्सच्या वेगळ्या सवयींमुळे आहेत. लॅपटॉपमधल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं, तर मिंट तिथली वेळ जागतिक (यूटीसी) आहे असं धरून त्यात साडेपाच तास मिळवतं. सकाळी दहाला मिंट दुपारचे साडेतीन दाखवतं. मग इंटरनेटवरून ते स्वतःची वेळ सुधारतं आणि घड्याळात यूटीसीप्रमाणे साडेचार लिहितं. विंडोजला पहाटेचे साडेचार दिसतात ते यामुळे. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एकदा चालवा (एक हा अंक इंग्रजीत). ही कमांड इशारा देते तो घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे करणाऱ्या देशांच्या बाबतीत महत्त्वाचा. भारतात तशी पद्धत नाही, त्यामुळे इथे बिनधास्त वापरा. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांनी मात्र उलट बाजूने, विंडोजलाच यूटीसी वापरायला लावावं. घड्याळ साडेपाच तासांऐवजी काही वर्षंच मागे जात असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. मदरबोर्डवरचा सेल बदला. डेस्कटॉपमध्ये तो सहसा सीआर२०३२ असतो.

ड्राइव्हचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्हचा हिशेब उघडा ठेवतं. अशा ड्राइव्हवर लिहू न देणं हा मिंटचा शहाणपणा आहे, त्यावर जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा, मग चेकडिस्क, म्हणजे 'सीएचकेडीएसके डी: /एफ', करा आणि विंडोज बंद करा. मिंटमधल्या एनटीएफएसफिक्सने ड्राइव्ह उघडेल, पण तो चेकडिस्कचा पर्याय नाही. आतला बिघाड तो दुरुस्त करत नाही.

प्रश्न : लिब्रेऑफिस रायटरमध्ये मराठी मजकुराचा फाँट बदलला तरी नवा मजकूर पुन्हा जुन्याच फाँटमध्ये येतो. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. 'दऱ्या' टाइप केलं की 'दर्या' होतं. आणि डीटीपीवाल्याकडून आलेली जुनी फाइल म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी आहे.
– वाचक, सातारा

चार तक्रारी, चार वेगळी कारणं.

रायटर प्रत्येक मजकुरासाठी रोमन लिपीचा एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा एक, असे वेगळे फाँट लक्षात ठेवतो. टूल्स, ऑप्शन्स आणि तिथे भाषांचा विभाग उघडा. 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर टिक करा आणि समोरच्या यादीत मराठी निवडा. मग एफ११ दाबून स्टाइल्स उघडा, 'डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल'वर उजवी क्लिक करून संपादनात जा. फाँटच्या पानावर 'सीटीएल फाँट' असा वेगळा रकाना दिसेल. मराठी फाँट तिथे द्यायचा. वरच्या पट्टीतून बदललेला फाँट फक्त निवडलेल्या मजकुरापुरता असतो.

ल आणि श यांची दोन्ही वळणं एकाच फाँटमध्ये असू शकतात. कोणतं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं, म्हणून मजकूर हिंदी म्हणून नोंदला गेला की हिंदी वळण येतं. वरच्याच पानावर भाषा मराठी करा. तरीही फरक पडला नाही, तर त्या फाँटमध्ये मराठी वळणच नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'फाँट्स-लोहित-देवा-मराठी' हे पॅकेज घ्या.

'दऱ्या' हा मात्र टायपिंगचा प्रश्न आहे. साध्या र चा पाय मोडून य जोडला तर रफार होतो : सूर्य, दर्या. दऱ्या, तऱ्हा, दुसऱ्या यांना खाली टिंब असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे', मग साधा 'डी', आणि मग य साठी तिरकी रेघ किंवा ह साठी 'यू'. हा ऱ बरोबर टाइप केला की शोधताना आणि अकारविल्हे लावतानाही शब्द नीट सापडतो. र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून तसंच दिसणारं रूप करता येतं, पण शोध घेताना ते वेगळा शब्द ठरतं. ते टाळा.

डीटीपीची फाइल श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फाँटमधली असणार. त्यात मुळात इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, मराठी रूप फक्त फाँट चढवतो. नुसती वाचायची असेल तर तोच फाँट होम फोल्डरमधल्या '.लोकल/शेअर/फाँट्स' मध्ये ठेवून 'एफसी-कॅश -एफ' चालवा. संपादन करायचं असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करा, पण नेमक्या त्याच फाँटचा कन्व्हर्टर वापरा. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरांपाशी चुका होतात त्या इथेच.

प्रश्न : एचपी लेझरजेट १०२० जोडला. नाव दिसतं, काम 'पूर्ण' दाखवतं, पण कागद हलत नाही. मिंटच्या नव्या आवृत्तीत येण्यापूर्वी चालत होता.
– वाचक, सोलापूर

या प्रिंटरचं फर्मवेअर त्याच्या पोटात कायम राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं, आणि ते एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये असतं. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपशी (लिनक्समधलं एचपी प्रिंटरचं सॉफ्टवेअर) तंतोतंत जुळावी लागते, म्हणून मिंटची आवृत्ती बदलली की जुनं प्लगइन निरुपयोगी ठरतं. इंटरनेट चालू ठेवून 'एचपी-प्लगइन' चालवा, सगळं स्वीकारा, प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. मग 'एचपी-सेटअप' ने तो नव्याने जोडा आणि प्रिंटरच्या यादीतली जुनी नोंद काढून टाका, नाहीतर कामं तिकडेच जात राहतील.