अपग्रेडच्या यादीतला क्रमांक मागे का जातो?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी अमेरिकेत वारंवार विमानप्रवास करतो आणि तेथील एका विमान कंपनीचा, वारंवार प्रवास करणाऱ्यांना दिला जाणारा ‘गोल्ड’ दर्जा मला मिळालेला आहे. गेल्या महिन्यात शिकागोहून डेन्व्हरला जाताना फर्स्ट क्लासच्या अपग्रेड यादीत (साध्या तिकिटावर मोफत वरच्या वर्गात जागा मिळण्याच्या यादीत) सकाळी माझा क्रमांक चौथा होता. विमानतळावर पोहोचलो तेव्हा तो नववा झाला होता. विमानातील आसनांच्या नकाशात मात्र फर्स्ट क्लासची तीन आसने रिकामी दिसत होती. रेल्वेत वेटिंगचा क्रमांक असा मागे गेल्याचे मी ऐकलेले नाही. शिवाय मुंबईला येताना या दर्जाचा उपयोग होईल का? (एक वाचक, पुणे, सध्या शिकागो)

उत्तर : घोळ रेल्वेशी केलेल्या तुलनेत आहे. रेल्वेची प्रतीक्षा यादी म्हणजे रांग. ज्याने आधी तिकीट काढले तो पुढे. अपग्रेडची यादी महाविद्यालयीन प्रवेशाच्या गुणवत्ता यादीसारखी असते, नवा उमेदवार दाखल झाला की ती नव्याने लागते. आपण कंपनीचे नाव दिलेले नाही, म्हणून उदाहरणादाखल युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीचे नियम घेतो. तेथे आधी प्रवाशाचा दर्जा पाहतात, दर्जा सारखा असल्यास तिकिटाचा भाडेवर्ग (तिकीट कोणत्या दराच्या प्रकारातले आहे ते), आणि विनंती कधी नोंदवली हा मुद्दा फार उशिरा विचारात येतो. आधीचे विमान चुकल्यामुळे किंवा बैठक लवकर आटोपल्यामुळे ऐन वेळी आपल्या विमानात आलेले वरच्या दर्जाचे पाच प्रवासी आपल्याला चौथ्यावरून नवव्या क्रमांकावर नेऊ शकतात, आणि त्यात कोणी रांग मोडलेली नसते.

याच कंपनीत देशांतर्गत मोफत अपग्रेड निश्चित होण्याची मुदत ‘प्लॅटिनम’च्याही वरच्या ‘वन-के’ दर्जाला उड्डाणापूर्वी ९६ तास, ‘प्लॅटिनम’ला ७२, ‘गोल्ड’ला ४८ आणि ‘सिल्व्हर’ला २४ तास आधी सुरू होते. मात्र मुदत सुरू होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. पुढची आसने आधी विकायची आणि विकली जाणार नाहीत असे वाटतील तेवढीच अपग्रेडसाठी मोकळी करायची, हा या व्यवसायाचा हिशेब आहे. शेवटच्या दिवसांत तीच जागा कमी रकमेत साध्या तिकिटाच्या प्रवाशालाही देऊ केली जाते. निष्ठावान ग्राहकाला ते टोचते आणि माझ्या मते टोचणे रास्तही आहे, परंतु तो नियमभंग ठरत नाही. नकाशातील रिकाम्या आसनांवर तर मुळीच विसंबू नये, कारण तिकीट विकले गेले तरी प्रवाशाने आसन निवडले नसेल तर ते नकाशात मोकळेच दिसते.

मुंबईच्या प्रवासाबाबत उत्तर थोडक्यात नकारार्थी आहे. अमेरिका आणि भारत यांच्यातील लांब पल्ल्याच्या उड्डाणांना हे मोफत अपग्रेड लागू नसते. तेथे प्रवासातून साठवलेले मैल, रोख रक्कम किंवा युनायटेडचे ‘प्लसपॉइंट्स’ हे अपग्रेडसाठीचे गुण वापरावे लागतात, आणि हे गुण ‘प्लॅटिनम’पासून वरच्या दर्जांना मिळतात. आपला दर्जा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघातील कंपनीचा व त्या संघाच्या ‘स्टार गोल्ड’ दर्जाशी समकक्ष असेल, तर जुलै २०१४ पासून त्या संघात असलेल्या एअर इंडियाच्या विमानातही विश्रांतिकक्ष, जादा सामान आणि आधी विमानात चढण्याची सोय मिळते, मोफत वरचा वर्ग मात्र मिळत नाही. भरलेल्या विमानातील साध्या जागेच्या प्रतीक्षा यादीत दर्जामुळे प्राधान्य मिळते, पण ती यादी वेगळी. या दोन याद्यांची गल्लत अनेक जण करतात.

एक बाब आपण विचारलेली नाही, पण अनेकांना नडते. पती-पत्नी एकाच आरक्षणावर असतील आणि पुढे एकच जागा मोकळी असेल, तर संगणक ती दोघांनाही न देता यादीतील त्यांच्यानंतरच्या प्रवाशाकडे जाऊ शकतो. एकट्याने पुढे बसण्याची तयारी असल्यास तसे गेटवरील कर्मचाऱ्याला आधीच सांगावे. अर्थात तत्पूर्वी घरात सहमती घेतलेली बरी.